अकरा वेळा थांबलेली गाडी

दोनबोटे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. पण कारखान्यात सगळे त्यांना इतकी वर्षं याच नावाने हाक मारत होते की एकदा हजेरीपटावरही तेच चढलं, आणि ते दुरुस्त करायची तसदी ना कारकुनाने घेतली ना त्यांनी. मोटरसायकलचा पुढचा ब्रेक ते उजव्या हाताच्या दोनच बोटांनी दाबायचे, तर्जनी आणि मधलं. बाकीचा हात मूठ धरून निवांत बसलेला असायचा. बाजारात जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीचा ब्रेक आधी या दोन बोटांखालून जायचा. गाडी किती अंतरात थांबते ते यंत्र सांगतं. ती थांबताना हाताला काय कळतं, ते दोनबोटे सांगायचे.

मी त्यांचा आकडेवाला. गाडीला तारा जोडायच्या, ब्रेकच्या तेलात दाब किती चढला, चाक किती वेगाने फिरतंय हे लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं, आणि चाचणीच्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्याचा अहवाल करायचा. चौदा वर्षं मी हे केलं. त्यांच्याबद्दल लिहायचा मला कितपत अधिकार आहे हे पुढे वाचलंत की कळेलच. पण दुसरं कुणी लिहिणार नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी जे भाषण ठोकलं, त्यात त्यांना 'आपल्या परिवाराचे भक्कम आधारस्तंभ' म्हटलं. ज्या माणसाला आठ महिने गोदामात नटबोल्टच्या पेट्या मोजायला बसवलं होतं, त्याला. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि मी टाळ्या वाजवल्या.

ब्रेकबद्दल बोलायला त्यांची स्वतःची भाषा होती. लिव्हर मऊ लागली तर 'उकडलेला बटाटा'. सुरुवातीला झटकन पकडून नंतर काहीच न करणारा ब्रेक 'थापाड्या'. हाताला काहीच न कळू देता गाडी थांबवणारा ब्रेक 'मुका', आणि तो त्यांना सगळ्यात नावडता. जितकं दाबलं तितकंच थांबवणारा, ना जास्त ना कमी, तो 'सरळमार्गी'. इंजिनिअर मंडळी आधी हसायची आणि मग वहीत हेच शब्द उतरवून घ्यायची, कारण त्यांच्याजवळ दुसरे शब्दच नव्हते. शेवटी दोनबोटे दहापैकी गुण द्यायचे. सात मिळाले तरी ब्रेक विभागातले लोक एकमेकांची पाठ थोपटायचे.

एकदा सहा गाड्या ओळीने उभ्या होत्या, एकाच दिवशी जोडलेल्या, एकाच रंगाच्या. चौथीवरून उतरून ते म्हणाले, "हिचे पॅड दुसऱ्या घरचे आहेत." खरेदी विभागातला माणूस शपथेवर सांगू लागला की सगळे पॅड एकाच खोक्यातले. दोनबोटेंनी वाद घातला नाही. चाक काढायला लावलं. पॅडच्या पाठीवरचा छाप वेगळा निघाला. कुठल्या तरी जुन्या खोक्यातले दोन पॅड चुकून मिसळले होते. त्यानंतर खरेदीवाला महिनाभर त्यांना बघून रस्ता बदलायचा.

घरी या बोटांची बडदास्त वेगळीच. गरम कप उजव्या हातात धरायचा नाही. पिशवी डाव्या हातात. बरणीचं घट्ट झाकण डाव्या हाताने, नाहीतर वहिनींनी उघडायचं. खिळा ठोकायचा झाला तर वहिनीच स्टुलावर चढायच्या आणि हे खालून सूचना करायचे. मी त्यांच्याकडे जेवायला गेलो की वहिनी हटकून ऐकवायच्या, "लग्न झालं तेव्हा मला वाटलं अख्ख्या माणसाशी झालंय. नंतर कळलं, दोन बोटं वगळून." दोनबोटे मान खाली घालून हसायचे. फ्रिजचं दार उघडताना मात्र हमखास थबकायचे आणि म्हणायचे, "हे ढिलं पडायला लागलंय." वहिनी म्हणायच्या, "आठ गुण द्या आणि दूध काढा."

मग सगळ्या गाड्यांना एबीएस बसवायचा नियम आला. त्याआधी काय व्हायचं, की घाबरलेला माणूस ब्रेक करकचून दाबायचा, चाक जागच्या जागी थांबायचं आणि गाडी तशीच घसरत जाऊन आडवी व्हायची. एबीएस चाकावर नजर ठेवतं. चाक अडकणार असं वाटलं की ते स्वतःच दाब क्षणभर सोडतं, परत धरतं, परत सोडतं. चालवणाऱ्याने फक्त दाबून धरायचं. दोनबोटेंचा आधी याला कडाडून विरोध. "जेवणार मी, आणि घास कधी गिळायचा ते दुसरा सांगणार?" म्हणाले. मग एके दिवशी ओल्या गुळगुळीत फरश्यांच्या पट्ट्यावर त्यांनी ती गाडी घातली, कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी आधार लावलेली. ब्रेक दाबला. गाडी सरळ उभ्या उभ्या थांबली. त्यांनी हेल्मेट काढलं आणि मागे वळून त्या फरश्यांकडे बघितलं. "मला आवडलं नाही," ते म्हणाले. "पण चांगलं आहे."

तेव्हापासून एबीएसच्या चाचण्याही त्यांच्याकडेच आल्या. यात आणखी एक पट्टा होता, छपराच्या पन्हाळी पत्र्यासारखा लाटालाटांचा. आम्ही त्याला 'पत्रा'च म्हणायचो. चाचणीच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं: लिव्हर पूर्ण ताकदीने एकदम दाबावी आणि गाडी थांबेपर्यंत सोडू नये. नव्या मॉडेलच्या चाचणीत दोनबोटेंनी पत्र्यावर गाडी घातली, दाबलं, थांबली. मी ग्राफ बघितला. दाबाची रेघ सरळ राहायला हवी होती, ती प्रत्येक लाटेवर किंचित खाली येत होती. चाक उडायच्या जरासं आधी. एबीएसच्या नोंदीत मात्र जवळजवळ काहीच नव्हतं. त्याला कामच पडलं नव्हतं.

"तुम्ही मध्येमध्ये सोडताय," मी म्हणालो.

"छे. गच्च धरलंय शेवटपर्यंत."

"रेघ खाली येतेय ना."

"गाडी थांबली का?"

"थांबली."

"सरळ थांबली का?"

"सरळ थांबली."

"मग?"

ते खोटं बोलत नव्हते. आपण गच्च धरलंय असं त्यांना मनापासून वाटत होतं. तीस वर्षांत त्यांच्या बोटांना जी सवय जडली होती ती त्यांच्यापर्यंत कळवायची बोटांना गरज उरली नव्हती. लाट आली की बोटं आपोआप ढिली पडायची आणि लाट गेली की परत आवळायची. हे ज्याला कळायला हवं होतं तो माणूस मी. ते कळावं म्हणूनच तर मला लॅपटॉप देऊन शेडमध्ये बसवलं होतं. 'एबीएस कार्यरत' या रकान्यात मी 'होय' लिहिलं. शुक्रवार होता, अहवाल सोमवारी वर जायचा होता. ही काही सबब नव्हे, मला कळतं.

त्या मॉडेलच्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एक प्रकरण आलं. एका रुग्णालयातली परिचारिका, चौतीस-पस्तीस वर्षांची, वडिलांना मागे बसवून डोळे तपासायला नेत होती. चौकाआधी उतार. अवजड ट्रक तिथे रोज ब्रेक मारतात, त्यामुळे डांबराला लाटा पडलेल्या. समोरून आडवा ट्रक आला. गाडी थांबली नाही. मुलगी वाचली, तिचं मनगट मोडलं. वडील जागीच गेले. तिचं म्हणणं होतं की तिने ब्रेक दाबला होता. तिच्या भावाने गाडी ताब्यात न ठेवल्याचा ठपका तिच्यावर ठेवला, पोलिसांनी कागद केले आणि गाडी तपासायला आमच्याकडे आली.

पुढचं चाक वाकलं होतं, म्हणून ब्रेकचा अख्खा संच, एबीएसच्या डबीसकट, काढून तसल्याच दुसऱ्या गाडीला बसवला. दोनबोटेंनी ती गाडी पत्र्यावर अकरा वेळा घातली. एरवी तीन वेळा पुरतं. माणूस गेलाय म्हणून अकरा. अकराही वेळा गाडी मर्यादा दाखवणाऱ्या लाल शंकूच्या आत थांबली. मी आकडे लिहीत होतो. ते शेडमध्ये आले, हातमोजे काढले आणि जरा चिडूनच म्हणाले, "लोक ब्रेक दाबतच नाहीत रे. घाबरतात, ओरडतात, हॉर्न वाजवतात. ब्रेक तेवढा दाबत नाहीत."

आणि मग त्यांनी अहवालात लिहिलं: 'ब्रेक निर्दोष. अकरापैकी अकरा वेळा गाडी मर्यादेत थांबली. अपघाताच्या वेळी चालकाने ब्रेक पुरेसा दाबलेला दिसत नाही.' हे शेवटचं वाक्य त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पहिली दोन पुरेशी होती. पण त्यांचा हात चालला. साहेबांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली. पोलिसांकडे, विमावाल्यांकडे, कोर्टात, जिथे म्हणून ते प्रकरण गेलं तिथे हे वाक्य पुढे पुढे गेलं.

सात-आठ महिन्यांनी ती फाईल बंद करून कपाटात लावायला माझ्याकडे आली. त्यात त्या बाईंचा जबाब टाचलेला होता. तो आम्हाला आधी कुणी दाखवला नव्हता. दोनबोटे चहा घेत समोर बसले होते. माझी जीभ तशी चुरचुरीत. "ऐका, तुमच्या नर्सबाई काय म्हणतात," असं म्हणून मी तो नाटकी आवाजात वाचायला लागलो.

"मी जीव खाऊन ब्रेक दाबला. लिव्हर आधी आत गेली. मग मध्येच दगडासारखी घट्ट झाली, आणि आतून कुणीतरी टकटक करत माझी बोटं बाहेर ढकलत होतं. गाडी मात्र पळतच राहिली."

त्यांनी कप खाली ठेवला. "परत वाच. नीट वाच."

मी नीट वाचलं.

"हे न दाबता कुणाला सुचेल?" ते म्हणाले.

"वकिलाने लिहून दिलं असेल."

"वकिलाला काय माहीत लिव्हर कशी ढकलते ते. मी इतकी वर्षं लोकांना विचारतोय, लिव्हर कशी लागली म्हणून. 'बरी लागली' याच्यापुढे कुणी जात नाही. हे बघ, 'आतून टकटक'. हिने दाबला होता रे."

त्यांचा चेहरा उतरला होता. मला त्यांच्यासाठी भीती वाटली, आणि स्वतःसाठीही. कारण तो खाली येणारा दाब मला लख्ख आठवला.

पुढचा आठवडाभर त्यांनी जे केलं ते बघवत नव्हतं. ते वाईट ब्रेक दाबायचा प्रयत्न करत होते. चार बोटांनी दाबून बघितलं, डोळे मिटून बघितलं, मोठ्याने आकडे मोजत बघितलं. दर वेळी मी ग्राफ दाखवायचो आणि दर वेळी ती रेघ लाटेवर खाली आलेली असायची. पहिल्यांदाच त्यांना ते दिसलं. "हात ऐकत नाही," असं म्हणून त्यांनी उजवा हात टेबलाच्या कडेवर आपटला. ज्या हाताने गरम कप धरायचे नाहीत, तो हात.

रविवारी सकाळी त्यांनी मला धावपट्टीवर बोलावलं. सुट्टी होती, पहारेकरी सोडला तर कुणी नव्हतं. त्यांनी पिशवीतून एक हातमोजा काढला. वहिनींचा, ओव्हनमधून तापलेली भांडी काढायचा, कापूस भरलेला, वर गुलाबी फुलं. आत चारही बोटं एकत्र राहतात, कशाचाही पत्ता लागत नाही. मला हसू फुटलं. ते हसले नाहीत. वरून दोरी गुंडाळून घेतली आणि मला गाठ मारायला लावली.

ते पत्र्यावर आले, दाबलं, आणि लाल शंकू मागे पडला. त्याच्यापुढे एक पिवळा शंकू होता, तोही मागे पडला. पट्ट्याच्या टोकाला वाळू टाकलेली आहे, गाडी त्यात रुतून कलंडली. मी धावत गेलो तेव्हा ते वाळूत बसले होते, तो फुलाफुलांचा हात मांडीवर ठेवून.

"दाबला होता," ते म्हणाले. "शेवटपर्यंत दाबून धरला होता."

आणखी पाच वेळा केलं. चार वेळा गाडी वाळूत गेली. मी ग्राफ काढला. लाटेवर चाक उडालं की डबीला वाटत होतं चाक अडकतंय, ती दाब सोडत होती, आणि परत धरायला इतका उशीर लावत होती की तोवर पुढची लाट. असं शेवटपर्यंत. समजवायला मला जेमतेम दोन मिनिटं लागली. त्यांना तेवढीही लागली नाहीत.

"त्या अकरा वेळा एबीएस नव्हतंच रे," ते म्हणाले. "मीच होतो."

सोमवारी आम्ही साहेबांकडे गेलो. साहेब गोड माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हातमोजा कुठला म्हणालात?"

"ओव्हनचा."

"म्हणजे मी वर काय कळवू? फुलाफुलांचा मोजा घालून चाचणी केली?" साहेब हसले. "आपल्या पद्धतीत प्रशिक्षित चालक असं लिहिलंय, दोनबोटे."

"साहेब, गाड्या काय प्रशिक्षित चालक विकत घेतात? घेतात त्या नर्सबाई घेतात, मास्तर घेतात."

"बरं. तुमच्या हातामुळे दोष झाकला गेला, असं तुमचं म्हणणं. मग आतापर्यंतचे तुमचे सगळे अहवाल? ते कुठल्या हाताने केलेत?"

 दोनबोटेंच्या उभ्या आयुष्यावर बोट ठेवलं होतं त्या माणसाने, तेही चहा ढवळता ढवळता. मग साहेब माझ्याकडे वळले. "रविवारचे आकडे घेतलेत तुम्ही?"

सहाही ग्राफ माझ्या बॅगेत होते. बॅग मांडीवर होती. साहेबांनी प्रश्न कशासाठी विचारलाय आणि त्यांना कुठलं उत्तर हवंय, हे त्यांच्या भुवयांवरून कळत होतं. 

"सेन्सर जोडले नव्हते, साहेब. सुट्टी होती ना."

दोनबोटेंनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं, चार शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं. ते नुसते उठले आणि उजव्या हाताने दाराची मूठ दाबून बाहेर गेले.

अनधिकृत चाचणी केली म्हणून त्यांना गोदामात धाडलं. दोन महिन्यांत एबीएसच्या डबीतला प्रोग्राम बदलला; पत्रकात लिहिलं, 'खडबडीत रस्त्यांवर अधिक सुखद अनुभव'. जुन्या गाड्या सर्व्हिसिंगला आल्या की त्यांच्यातही तो गुपचूप भरला जाऊ लागला. म्हणजे दोनबोटेंचं म्हणणं सगळ्यांनी शब्दशः मानलं होतं. फक्त फाईलमधलं ते एक वाक्य तसंच राहिलं. 'चालकाने ब्रेक पुरेसा दाबलेला दिसत नाही.' ते पुसण्यासाठी त्यांनी तीन अर्ज केले. तिन्ही अर्जांची पोच माझ्याच हाताने गेली. मी मूग गिळून बसलो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात ते माझ्या दारात आले. "मी त्यांच्याकडे जातोय," म्हणाले. "तू चल. आकडे तू वाचलेस." मी नाही म्हणायला हवं होतं. पण मनात कुठेतरी असं होतं की त्यांच्या सावलीला उभं राहून आपलंही ओझं जरा उतरेल.

त्यांच्या गाडीवर मागे बसून गेलो. तिसरा मजला, अरुंद जिना, दारात इस्त्री करून टांगलेला पांढरा गणवेश. बाई नुकत्याच सकाळची पाळी संपवून आल्या होत्या, खुर्चीत बसून गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडलेले. गाडी त्यांनी सोडली होती, दोन बस बदलून जात होत्या, पाय सुजायचे. त्यांची आई जमिनीवर कागद पसरून शेंगा सोलत होती. भिंतीवर वडिलांचा फोटो. दोघीच राहत होत्या. भाऊ त्या दिवसापासून या घराची पायरी चढला नव्हता, हे आम्हाला आधीच कळलं होतं.

दोनबोटे बसले नाहीत. "ताई, तो रिपोर्ट मी लिहिला होता," ते म्हणाले. "तुम्ही ब्रेक दाबला नाही, असं. ते चुकीचं आहे. तुम्ही दाबला होता. मी तसाच दाबून बघितला, माझीही गाडी थांबली नाही." आणि त्यांनी घरून लिहून आणलेला, सही केलेला कागद पुढे केला.

बाईंनी तो दोनदा वाचला. मग आईकडे बघून हळूच म्हणाल्या, "आई, मी दाबला होता."

"मी कधी नाही म्हटलं?"

"हो पण कधी म्हटलं नाहीस."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. 

"हे कोर्टात चालेल?" बाईंनी विचारलं. "भावाला दाखवलं तर तो मानेल?"

"माझी सही आहे. आणि आकडे..." दोनबोटे माझ्याकडे वळले. या वेळी वळले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, विचारणं होतं. मायलेकीही माझ्याकडे बघायला लागल्या. ते सहा ग्राफ माझ्या घरी, माझ्या कपाटात होते. नोकरीची माझी अजून नऊ वर्षं राहिली होती.

"त्या दिवशी सेन्सर जोडले नव्हते," मी म्हणालो. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं, याची मला आजही लाज वाटते.

"आकडे नाहीत, ताई," दोनबोटे म्हणाले. "माझा शब्द आहे."

बाईंनी मान हलवली. कागद मांडीवर ठेवला. मग त्यांनी एकेक करून प्रश्न विचारले, रुग्णाला विचारतात तसे, घाई न करता.

"आधी तुम्ही लिहिलं होतं, अकरा वेळा गाडी थांबली. ते खोटं होतं का?"

"नाही. ते खरं होतं."

"लाटालाटांच्या रस्त्यावर?"

"हो. तसल्याच."

"ब्रेक तोच?"

"तोच. तुमच्याच गाडीचा काढून लावला होता."

"म्हणजे त्या दिवशी गाडी तुमच्या हातात असती, तर थांबली असती?"

मला प्रश्न कुठे चाललाय ते कळलं होतं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, की म्हणा, सांगता येत नाही. म्हणा, उतार होता, ट्रक जवळ होता. 'सांगता येत नाही' हे तीन शब्द मी त्यांच्या जागी असतो तर सहज बोललो असतो. खोटं बोलायला माझ्याइतका सराईत माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता. पण ज्या माणसाने एका खोट्या वाक्यापायी स्वतःचा हात धुळीला मिळवला होता, त्याला दुसरं खोटं वाक्य सुचलं नाही.

"हो," ते म्हणाले. "थांबली असती."

बाईंनी मान डोलावली.

"पण ताई, त्यात तुमची चूक नाही," ते घाईघाईने म्हणाले. "एबीएस असतं तेच मुळी यासाठी. ज्यांना माझ्यासारखा ब्रेक लावता येत नाही, त्यांच्यासाठीच तर..." आणि आपण काय बोलतोय हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

बाईंनी कागदाची चार घड्यांची घडी केली आणि हात लांब करून त्यांना परत दिला.

"हा राहू दे तुमच्याजवळ," त्या म्हणाल्या. "भावाला नको दाखवायला. तो पहिल्या दिवसापासून हेच म्हणतोय. दुसरं कुणी चालवत असतं, तर बाबा वाचले असते."